कीर्तनाच्या व्हिडिओतून बुवांचा आवाज वेगळा काढताना

इंदूरच्या गणेशोत्सवातल्या कीर्तनाच्या चित्रणातून बुवांचा आवाज वेगळा कसा काढायचा, असं विचारलंस ना, मग घाई करू नकोस. आधी एफएफप्रोबने (एफएफएमपेग या कमांडवर चालणाऱ्या ऑडिओ-व्हिडिओ साधनासोबतचा, फाइलची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम) बघ, फाइलमध्ये ऑडिओ ट्रॅक (आवाजाचे स्वतंत्र प्रवाह) किती आणि प्रत्येकात चॅनल (डावी-उजवी अशा बाजू) किती. नवखे इथेच गोंधळतात. माइक वेगवेगळ्या ट्रॅकवर असते तर एफएफएमपेगला मॅप (काय घ्यायचं ते सांगणारा पर्याय) देऊन हवा तो ट्रॅक कोडेक कॉपीने, म्हणजे पुन्हा एन्कोड न करता, जसाच्या तसा उचलता आला असता (मोजणी शून्यापासून, दुसऱ्या ट्रॅकचा आकडा १).

तुझ्या सांगण्यावरून मात्र ट्रॅक एकच, स्टिरिओ: डावीकडे बुवांचा कॉलर माइक, उजवीकडे पेटी-तबला. इथे कॉपी चालत नाही, कारण दोन बाजू वेगळ्या करायला फिल्टर लागतो आणि फिल्टर लावायचा तर आवाज आधी डीकोड व्हावा (दाबलेल्या रूपातून उलगडावा) लागतो. फिल्टर-कॉम्प्लेक्समध्ये (एकाहून जास्त आउटपुट देणारे फिल्टर लिहायच्या पर्यायात) चॅनलस्प्लिट हा चॅनल वेगळे करणारा फिल्टर लाव, निघणाऱ्या दोन्ही बाजूंना नावं दे आणि प्रत्येकीला स्वतंत्र मॅप देऊन वेगळ्या वेव्ह फाइलमध्ये काढ. एमपी३ अजिबात नको, त्यात आवाजाचा दर्जा घटतो आणि पुढे साफसफाई करायची आहे.

बुवांच्या माइकमध्ये पेटी थोडी झिरपलेली असेल, ती यानं जाणार नाही. आणि कमांडमध्ये ‘वाय’चा पर्याय ठेवू नकोस, त्याच नावाची जुनी फाइल न विचारता पुसली जाते.