शाळेच्या अ‍ॅपमध्ये मुलीची किती माहिती द्यावी?

मुलगी सिनियर केजीत आहे, शाळेनं घ्यायला लावलेलं अ‍ॅप तिचा आधार क्रमांक, फोटो आणि लोकेशन मागतंय, नाही म्हटलं तर तिच्यावर राग निघेल का, असं तुम्ही विचारलंय.

नाही म्हणता येतं, पण सरसकट नको. मी शाळेत संगणक शिकवतो. अ‍ॅप निवडताना फी भरता येते का, हजेरीचा मेसेज जातो का, वर्षाला किती पडतं, एवढंच पाहिलं जातं. मुलांची माहिती कुठे साठते, हे क्वचितच कोणी विचारतं.

आधी आधारचं. शाळाप्रवेशासाठी ते सक्तीचं करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्येच सांगितलंय. तरी बाई मागे लागतात, कारण अनुदानित शाळांची संचमान्यता आधार जुळलेल्या पटावर ठरत आलीय, म्हणजे शिक्षकांची पदंच त्यावर अवलंबून. त्यांच्यावर चिडू नका. पण ती गरज सरकारी पोर्टलची आहे. खासगी कंपनीच्या अ‍ॅपला तुमच्या मुलीच्या आधारशी काही देणंघेणं नाही. तो रकाना रिकामा सोडा. अपार आयडी, म्हणजे केंद्र सरकारचा विद्यार्थी ओळख क्रमांक, तोही ऐच्छिक आहे, त्याला पालकांची संमती लागते.

लोकेशन, कॉन्टॅक्ट्स, मायक्रोफोन यांच्या परवानग्या फोनच्या सेटिंगमधून बंद करा. गृहपाठ बघायला यातलं काही लागत नाही. स्कूलबस कुठवर आली ते कळायला लोकेशन बसचं हवं, तुमच्या फोनचं कशाला? फोटोच्या जागी फुलाचं चित्र लावलं तरी बहुतेक अ‍ॅप चालतात.

सरकारी अ‍ॅप म्हणजे सुरक्षित, असंही धरून चालू नका. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेनं 2022 मध्ये 49 देशांतली शैक्षणिक अ‍ॅप आणि संकेतस्थळं तपासली, त्यात आपल्या केंद्र सरकारचं दीक्षा हे अभ्यासाचं अ‍ॅपही होतं. मुलांचं नेमकं ठिकाण टिपण्याची सोय त्यात सापडली. पुढच्याच वर्षी दीक्षावरच्या लाखो शिक्षक-विद्यार्थ्यांची माहिती सर्व्हरवर उघडी पडल्याचं समोर आलं. कोणी हॅक केलं नव्हतं, साठवणाऱ्यांनी संरक्षणच लावलं नव्हतं.

डेटा संरक्षणाचा 2023 चा कायदा 18 वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती मागतो आणि मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई करतो. मात्र नियम आले नोव्हेंबर 2025 मध्ये, आणि मुख्य तरतुदींना त्यापुढे 18 महिन्यांची मुदत आहे. शाळांना काही सूटही आहे, पण ती अभ्यास आणि सुरक्षिततेपुरतीच.

राहिला रागाचा प्रश्न. एकट्यानं जाऊ नका. तीन-चार पालकांनी मिळून पालक-शिक्षक संघामार्फत लेखी विचारा: माहिती कोणत्या कंपनीकडे जाते, ती आणखी कोणाला देते, मूल शाळा सोडल्यावर कधी पुसते. पत्राला आवक क्रमांक पडला की कार्यालय जरा जपून वागतं, हे मी आतून पाहिलंय.

त्याच पत्रात वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचाही विषय काढा, मला तर तोच जास्त खटकतो. सहलीच्या फोटोत गळ्यातलं ओळखपत्र स्पष्ट दिसतं, त्यावर नाव, पत्ता, आईचा मोबाइल नंबर. फोटोआधी ओळखपत्रं उलटी करायला बाईंना सांगा, त्याला कोणीच नाही म्हणत नाही.

आणि शाळा बदलाल तेव्हा अ‍ॅप फोनवरून काढलं म्हणजे खातं गेलं असं समजू नका. दाखला घेतानाच खातं बंद करून माहिती पुसल्याचं लेखी मागा.