घरच्या सायडरसाठी कोणतं यीस्ट घ्यावं?

सायडर म्हणजे आंबवलेला सफरचंदाचा रस. ५ लिटर रसासाठी ईसी-१११८, ७१बी की एस-०४ यांपैकी कोणतं यीस्ट घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. शिवाय सायडरला थोडी गोडी राहावी म्हणून कमी अल्कोहोल सोसणारं यीस्ट चालेल का, हेही.

आधी गोडीचं बोलते, कारण बहुतेकांचं गणित तिथेच चुकतं. नुसत्या रसाचं विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतली घनता, जिच्यावरून साखर कळते) साधारण १.०४५ ते १.०५५ भरतं. त्यातून अल्कोहोल होणार ६-७ टक्के. यीस्ट किती अल्कोहोल सोसतं याची पाकिटावर जी १४ किंवा १८ टक्क्यांची मर्यादा असते, तिचा इथे संबंधच येत नाही. रसातली साखर म्हणजे मुख्यतः फ्रुक्टोज, जोडीला ग्लुकोज आणि सुक्रोज. ही तिन्ही यीस्ट ती जवळजवळ सगळी फस्त करतात. तेव्हा निवड करायची ती आंबटपणा आणि वास बघून.

म्हणून आधी रस चाखा. जिभेला झोंबत असेल तर डोळे झाकून ७१बी घ्या. सफरचंदाचा आंबटपणा मुख्यतः मॅलिक आम्लाचा असतो आणि ७१बी त्यातलं थोडं आम्ल खाऊन टाकतं. वर फळांचा छान वासही देतं. पण रस मुळातच सौम्य असेल तर याच गुणामुळे सायडर सपक होतं. अशा रसाला मी एस-०४ वापरते. हे एल बिअरचं यीस्ट. त्याचा साका तळाशी इतका घट्ट बसतो की बाटली कलती केली तरी सहसा हलत नाही; वरचं स्वच्छ सायडर अलगद काढून घेता येतं.

ईसी-१११८ शॅम्पेनचं, १० ते ३० अंशांत बिनतक्रार चालणारं. पण स्वतःची चव फारशी देत नाही, आणि जोरात आंबवताना सफरचंदाचा वासही बराच उडून जातो. माझ्या मते ते मध्येच थांबलेलं आंबवण पुन्हा सुरू करायला राखून ठेवावं.

कोणतंही घेतलंत तरी १६ ते १८ अंशांत सावकाश आंबू द्या. सफरचंदाच्या रसात नायट्रोजन कमी असतो. यीस्ट उपाशी राहिलं की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. म्हणून सुरुवातीलाच यीस्ट न्यूट्रिएंट, म्हणजे यीस्टचं खाद्य, घाला. रसाच्या लेबलवर पोटॅशियम सॉर्बेट किंवा सोडियम बेंझोएट ही यीस्टला रोखणारी संरक्षकं दिसली, तर तो रस घेऊच नका.

गोडीसाठी शेवटी एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरायचा गोडवा) घाला, ते यीस्टला पचत नाही. जिवंत यीस्ट असताना साखर घालून बाटली बंद केलीत तर ती फुटू शकते.