रिपोर्टमध्ये ‘अमायलॉइड’ आलं, पुढे काय?

प्रश्न : वय ५८, इंदूरच्या लोकमान्य नगरात राहते, भजनी मंडळात गाते. दिवाळीपासून आवाज बसलाय, नाक एका बाजूनं चोंदतं, मधूनच रक्त येतं. दुर्बिणीतून नाकामागचा आणि स्वरयंत्राचा तुकडा काढला. रिपोर्ट ‘अमायलॉइड’. मुलगा म्हणतो, हा हृदय-किडनीचा रोग, किमो लागेल. खरं का? — एक वाचक

उत्तर : ताई, किमोचं आत्ताच मनात आणू नका. चुकीच्या घड्या पडलेलं प्रथिन पेशींबाहेर साचतं, ते अमायलॉइड. स्वरयंत्रात किंवा नाकामागे सापडलेलं बहुतेक वेळा तिथल्याच प्लाझ्मा पेशींनी (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींनी) बनवलेलं असतं आणि सहसा तिथंच राहतं. पण ‘सहसा’वर मी कुणाला घरी पाठवत नाही.

रिपोर्टमध्ये ‘काँगो रेड’ शोधा. या रंगानं रंगवलेली स्लाइड ध्रुवीकृत प्रकाशात हिरवी चमकली पाहिजे. नुसतं ‘गुलाबी, एकसंध पदार्थ’ लिहिलं असेल तर निदान अर्धंच झालंय. त्यानंतर प्रथिनाचा प्रकार ठरवायचा : एएल (प्लाझ्मा पेशींच्या ‘लाइट चेन’ या प्रथिनाचा), एए (दीर्घकाळच्या दाहातून होणारा) की एटीटीआर (यकृतात बनणाऱ्या ट्रान्सथायरेटिन प्रथिनाचा). औषध त्यावरच ठरतं. त्यासाठी मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे प्रथिनाचे तुकडे वजनावरून ओळखणारी तपासणी, सर्वांत भरवशाची. ती सगळीकडे होत नाही, नमुना बाहेर पाठवावा लागतो. म्हणून लॅबमधून मेणाचा ब्लॉक (ज्यात तुमचा काढलेला तुकडा जपलेला असतो) आणि स्लाइड मागून घ्या. लोक फाइल जपतात, ब्लॉक विसरतात! दुसरी लॅब कागदावरून काय तपासणार? ब्लॉक असला तर बहुधा पुन्हा तुकडा काढावा लागत नाही.

मग हृदय, किडनी अशा इतर ठिकाणी काही नाही ना, हे बघायचं. प्लाझ्मा पेशींची असामान्य प्रथिनं शोधायला रक्त-लघवीचं इम्युनोफिक्सेशन आणि रक्तातल्या फ्री लाइट चेन; किडनीसाठी क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन; हृदयासाठी ईसीजी, टूडी इको आणि एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी). रक्तविकारतज्ज्ञांना वाटलं तर पोटाच्या चरबीचा किंवा अस्थिमज्जेचा नमुना. सुरुवातीलाच महागडा पेट स्कॅन मी तरी सांगणार नाही. जीभ जाड होणं, डोळ्यांभोवती जांभळे डाग, पायांना सूज किंवा मुंग्या यातलं काही असेल तर न विचारताही डॉक्टरांना सांगा.

सगळं स्वच्छ निघालं तर किमो नाही. दुर्बिणीतून किंवा लेझरनं, श्वास आणि आवाज मोकळा होईल इतकंच काढतात. हाव केली तर स्वरपट्ट्यांवर व्रण राहतो. ते पुन्हा साचू शकतं, म्हणून वर्षानुवर्षं तपासणी चालू ठेवायची. श्वासनलिकेत खाली काही आहे का, तेही सीटी स्कॅनमध्ये पाहून घ्या. या जागा सहज रक्ताळतात, तेव्हा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ऑपरेशनआधी सांगा, मनानं बंद करू नका. श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज आला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता थेट इमर्जन्सीत जा.