‘काल काय काम केलं’ हे ऑफिसात इंग्रजीतून सांगताना अडखळायला होतं. सराव कसा करावा?

माझीही गाडी इथेच अडायची. मराठीत ‘फाइल काल पाठवलीय’ चालतं, म्हणून आपण बिनधास्त ‘आय हॅव सेंट इट यस्टरडे’ म्हणतो. पण इंग्रजीत काल, सोमवारी, दोन तासांपूर्वी अशी नेमकी वेळ आली की ‘हॅव’ गळतं: ‘आय सेंट इट यस्टरडे’. वेळ सांगायची नाही, काम झालंय एवढंच कळवायचंय, तेव्हा ‘आय हॅव सेंट इट’. आणि प्रश्न विचारताना ‘डिड यू सेंट’ नाही, ‘डिड यू सेंड’. भूतकाळाचं ओझं ‘डिड’ने उचललेलं असतं.

सरावासाठी मी आणि ऑफिसातला एक मित्र ठाण्याहून सुटणारी स्लो लोकल पकडायचो. मुलुंड ते घाटकोपर त्याने कालचं काम सांगायचं, मी मध्येच खोदून विचारायचं: ‘हू डिड यू मीट? व्हॉट डिड दे से?’ कुर्ल्याला गर्दी चढली की गप्प. लाज वाटते म्हणाल, तर डब्यात कोण ऐकतंय, सगळे मोबाइलमध्ये. क्रियापदांचे तक्ते पाठ करत बसू नका. रोज लागणारी वीसेक पुरतात. सेंट, मेट, टूक, स्पोक, गॉट इथून सुरुवात करा.