कारवान कुत्रीसाठी कुंपण किती उंच असावे?

जुळे सोलापुरातील आपल्या बंगल्याभोवती साडेतीन फुटांची भिंत आहे, घरात नऊ महिन्यांची कारवान या देशी शिकारी जातीची कुत्री आहे आणि ही भिंत चार फूट करावी की पाच, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर सहा फूट, आणि तेही एकाच खेपेत, असे आहे. कारणे थोडी सविस्तर सांगतो, कारण हीच चूक मी स्वतः पैसे मोजून दोनदा केली आहे.

रेल्वे लाईन्स भागातील आमच्या घरी हरणी नावाची कारवान कुत्री गेली सात वर्षे आहे. ती आली तेव्हा आमची भिंत चार फुटांची होती. वर्षाची झाल्यावर एका सकाळी ती मांजराच्या मागे भिंतीवरून पलीकडे गेली, म्हणून मी वेल्डिंगवाल्याला बोलावून भिंतीवर अर्ध्या फुटाचे ग्रिल बसवून घेतले. महिनाभरात तिने साडेचार फूटही पार केले, तेव्हा आणखी अर्धा फूट चढवला आणि दिवाळीच्या सुमारास तोही अपुरा पडला. दर वेळी अर्धा फूट वाढवून आम्ही तिला उडीचा सरावच देत होतो, हे उशिरा ध्यानात आले; शाळेच्या मैदानावर एक उंची जमली की मास्तर दांडी जरा वर सरकवतात, अगदी तसे. ज्या कुत्र्याने कुंपण एकदाही ओलांडलेले नाही, त्याला ते ओलांडता येते हे बहुधा सुचतच नाही. मात्र एकदा जमले की ते पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. आपली कुत्री अजून साडेतीन फुटांच्या आतच राहत असेल, तर आपण वेळेवर विचारले आहे.

सहा हा आकडा सर्व कुत्र्यांसाठी नाही. पॉमेरेनियन किंवा पग यांना तीन ते चार फूट पुरतात, शांत स्वभावाच्या लॅब्राडोरला साधारण पाच, तर जर्मन शेफर्ड किंवा डॉबरमन असेल तर मी सहाच सांगेन. गावठी कुत्र्याला मात्र अंगापिंडावरून कमी लेखू नये, कारण ते उडीपेक्षा चढण्यात तरबेज असते. कारवानची गोष्ट आणखी निराळी आहे. आपल्याकडे कारवान, केसाळ असेल तर पश्मी, आणि पलीकडे बागलकोट जिल्ह्यात मुधोळ हाउंड अशा नावांनी ओळखले जाणारे हे एकाच कुळातले शिकारी कुत्रे. 2005 साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर काढलेल्या तिकिटांत मुधोळ हाउंडचाही समावेश होता. पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी सुमारे 27-28 इंच भरतो, मादी थोडी कमी. हे कुत्रे वासापेक्षा नजरेने शिकार करते. पळणारी खार, मांजर किंवा शेळी दिसली की हाक ऐकू येण्याआधीच ते निघालेले असते. म्हणून या जातीसाठी उंचीइतकेच महत्त्व बाहेरचे न दिसण्याला आहे. रस्त्याच्या बाजूला खालचे चार-पाच फूट भरीव भिंत असेल, तर उडीचे निम्मे निमित्तच नाहीसे होते.

उंची मोजताना टेप जमिनीपासून धरू नका. कुत्री जिथे उभी राहू शकते तिथून धरा. आमच्या पाच फुटांच्या कुंपणाला हरणी हरवत होती ती कपडे धुण्याच्या दगडावरून. तो दगड दोन फूट उंच आणि भिंतीपासून हातभर अंतरावर असल्याने तिच्या दृष्टीने कुंपण तीनच फुटांचे होते. पाण्याची टाकी, भिंतीला टेकवलेली स्कूटर, कुंड्यांची उतरंड, जोत्याचा कट्टा, जिन्याचा पहिला टप्पा, हे सारे भिंतीपासून निदान चार-पाच फूट दूर असावे आणि जे हलवता येत नाही त्याच्यासमोर कुंपण तेवढेच आणखी उंच करावे. आडव्या पट्ट्यांचे ग्रिलही टाळा. ती कुत्र्यासाठी शिडीच असते. चेनलिंक, म्हणजे तारा एकमेकींत गुंफलेल्या जाळीच्या मोठ्या चौकटींतही पंजा अडकवून चढता येते, म्हणून बारीक चौकटीची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड करून जोडलेली ताठ जाळी, बरी.

संपूर्ण सहा फूट वीटकाम करण्याची गरज नाही, आणि दर्शनी बाजूला ते नियमातही बसणार नाही. राष्ट्रीय बांधकाम संहितेत कंपाउंड भिंतीची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून 1.5 मीटर, म्हणजे जवळपास पाच फूट, धरलेली आहे, वरचा 0.9 मीटरचा भाग जाळीसारखा खुला असेल, तर एकूण 2.4 मीटरपर्यंत मुभा मिळू शकते. आपल्या प्लॉटला नेमके काय लागू आहे, ते काम सुरू करण्याआधी महानगरपालिकेच्या नगररचना विभागात विचारून घ्यावे, विशेषतः प्लॉट कोपऱ्यावरचा असेल तर. माझ्या मते सव्वाचार-साडेचार फूट भिंत, तिच्यावर दीड-पावणेदोन फूट जाळी, आणि जाळीचे अँगल (लोखंडी खांब) वरच्या टोकाला आतल्या बाजूस तिरपे वाकवून त्यावर आणखी फूटभर जाळी, ही रचना सर्वांत उपयोगी ठरते. वर तिरपी जाळी दिसली की कुत्रीला उडीचा अंदाज बांधता येत नाही आणि चढत गेली तरी डोके अडते. जाळीवर हिरवे शेडनेट लावण्याचा मोह होईल, पण वळवाच्या वादळात ते शिडासारखे फुगते आणि अँगल वाकवते. आमचे दोन अँगल असेच गेले.

सोलापुरात खालच्या बाजूचा विचार वेगळा करावा लागतो. काळ्या मातीचा प्लॉट असेल, तर उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात माती फुगते आणि उथळ खड्ड्यात रोवलेले खांब दोन वर्षांत कलतात. मागच्या बाजूला नुसत्या जाळीचे कुंपण करणार असाल, तर खांबांचे खड्डे किमान दोन-अडीच फूट खोल घेऊन मुरमाच्या थरावर काँक्रीट भरून घ्या. कुत्री उकरणारी असेल, तर कुंपणाच्या कडेने आतून दोन फूट रुंदीच्या शहाबादी फरशा बसवा. त्या इथे सहज मिळतात. उन्हाळ्यात मात्र त्या फरशा भाजतात, तेव्हा तिच्या बसण्याची जागा सावलीत मातीवरच ठेवावी.

फाटकाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. मधोमध खोलगट नक्षी असलेले फाटक कितीही देखणे असले, तरी त्याची उंची त्या खोलगट जागेपाशीच मोजली पाहिजे. खाली तीन इंचांपेक्षा जास्त फट नको आणि कडी अशी हवी की पंजाने ढकलून ती उघडणार नाही.

भिंतीवर काचा किंवा काटेरी तार कृपया लावू नका. कारवानची कातडी पातळ असते, पोट फाटले तर टाके घालण्यापलीकडे प्रकरण जाऊ शकते, आणि उडी घेण्याचे ठरवलेले कुत्रे काच पाहून थांबत नाही. कुंपणाचे काम होईपर्यंत तिला भिंतीजवळ साखळीने बांधूनही ठेवू नका. साखळीसकट उडी मारून पलीकडे लटकल्याने कुत्री गुदमरून मरतात. तोवर तिला घरात ठेवून सकाळ-संध्याकाळ पट्ट्यावर भरपूर फिरवावे. दिवसभर कंटाळलेली कारवान सहा फुटांवरही डोके चालवते.

शेवटी एक खास आपल्या गावची गोष्ट. रोजच्या उडीचा अंदाज भीतीच्या उडीला लागू पडत नाही. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर शोभेचे दारूकाम झाले, त्या रात्री हरणी आमच्या नव्या सहा फुटांच्या जाळीवर निम्म्यापर्यंत चढली होती. तिरप्या भागाला डोके अडले, म्हणून ती आत राहिली. तेव्हापासून त्या संध्याकाळी मी तिला सात वाजताच आत घेतो, न्हाणीघरात जुनी गोधडी अंथरतो, पंखा आणि रेडिओ मोठ्याने लावतो आणि आवाज थांबेपर्यंत दाराशी खुर्ची टाकून बसतो.