‘शुगर’ हा इंग्रजी शब्द खरंच ‘शर्करा’वरून आला आहे का?

तुम्ही विचारलंय की ही खरी व्युत्पत्ती आहे की व्हॉट्सॲपवरची फुशारकी. खरी आहे. फक्त शब्द इथून उठून थेट इंग्लंडात गेला नाही, वाटेत चार घरी मुक्काम करत गेला.

आमचं गाव वाळवा तालुक्यात, सांगली जिल्हा. लहानपणी गुऱ्हाळावरनं काकवीची बरणी यायची. दोन-तीन महिन्यांनी तिच्या तळाशी खडे धरायचे, ते चमच्याने खरवडून आम्ही कडाकडा खायचो. ‘शर्करा’चा मूळ अर्थ हाच : खडे, खडी, भरड वाळू. आयुर्वेदात लघवीवाटे पडणाऱ्या बारीक खड्यांनाही शर्कराच म्हणतात! गोडवा नंतर चिकटला.

पालीत त्याचं ‘सक्खरा’ झालं; आपली ‘साखर’ याच प्राकृत घराण्यातली. पुढे फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’. अरबांनी ऊस सिसिली-स्पेनपर्यंत नेला, शब्दही सोबत गेला. स्पॅनिश ‘असुकार’मधला पहिला ‘अ’ म्हणजे अरबी ‘अल’चं (इंग्रजी ‘द’सारखं उपपद) शेपूट, अजून तसंच आहे. मध्ययुगीन लॅटिन, जुनी फ्रेंच आणि मग इंग्रजी.

ग्रीकांनी मात्र अरबांची वाट पाहिली नाही. पहिल्या शतकातला वैद्य डायोस्कोरिडीस ‘साक्खारॉन’बद्दल लिहितो, की हिंदुस्थानात बोरूसारख्या झाडात होणारा हा मध मिठासारखा घट्ट असतो आणि दाताखाली फुटतो. (आमच्या बरणीचा तळच की!) त्याच ग्रीक शब्दावरून 1879 साली शोध लागलेल्या ‘सॅकरिन’चं नाव पडलं. म्हणजे डॉक्टर जी शुगर बंद करतात आणि तिच्या जागी जे सॅकरिन चालतं, ती दोन्ही चुलत भावंडं. ‘कँडी’ वेगळ्या घरातली : संस्कृत ‘खंड’, फारसी ‘कंद’, मग अरबीतून युरोपात.

खरी गंमत ‘जॅगरी’त आहे. आपल्याला वाटतं गुळाच्या इंग्रजी नावात ‘गुड’ कुठेतरी असेल. नाही. शर्कराचं मल्याळममध्ये ‘चक्कर’ झालं, ते पोर्तुगीजांनी उचललं आणि त्यांच्याकडून इंग्रजांनी.

हे मी आमच्या गुळव्याला सांगितलं, तो काहिलीवरची मळी काढत होता. झारा न थांबवता म्हणाला, “म्हंजी गुळाला बी साखरच म्हणत्यात व्हय ती?”