तुम्ही विचारलंय: श्रीअरविंदांच्या पूर्णयोगात स्वतःचा प्रत्येक भाग ईश्वराला अर्पण करायचा म्हणजे नक्की काय करायचं? आमच्या गटात सांगतात, 'आधी बुद्धी अर्पण करा, शंका काढू नका.'

तुम्ही पुढे लिहिलंय की मन तयार आहे, बाकीचं काही केल्या होत नाही. मन तयार असतंच हो, 'हो' म्हणायला त्याचं काय जातं? खरा अडेलतट्टू प्राण, म्हणजे आपल्यातला इच्छा-वासनांचा भाग. राग, हेवा, आपलंच म्हणणं वर राहावं ही खुमखुमी, सगळं तिथलं. शरीर तर ध्यानाला बसलं की पेंगतं. श्रीअरविंदांनी हे भाग वेगवेगळे दाखवले, कारण एकाने मान तुकवली म्हणून दुसरा तुकवेलच असं नाही. आतला चैत्य पुरुष, म्हणजे अंतरात्मा, पुढे आला की बाकीचे वळायला लागतात, पण तोवर रोज एकेकाला धरून आणावं लागतं.

पण 'बुद्धी अर्पण करा, शंका काढू नका' हे वाचलं आणि माझं डोकं फिरलं. म्हणून लिहायला बसले.

आमचं वाचन मंडळ 15 ऑगस्टच्या, म्हणजे श्रीअरविंदांच्या जन्मदिवसाच्या, दर्शनाला पाँडिचेरीला त्यांच्या आश्रमात गेलं होतं. वर्गणी काढलेली, चेन्नईहून बस ठरवलेली. माझी सगळी नोकरी ट्रेझरीत गेली, त्यामुळे परतल्यावर पहिल्याच बैठकीत मी विचारलं, हिशेब कधी मांडायचा? मंडळ चालवणारे काका डोळे मिटून म्हणाले, "ताई, समाधीवर डोकं टेकून आलात, पण डोक्यातली बेरीज-वजाबाकी तिथे ठेवायची राहिली वाटतं." सगळे हसले. बसवाल्याची पावती माझ्याकडे होती. साध्या कागदावर, तमिळमध्ये, एक आकडा खोडून वर दुसरा लिहिलेला. मी ती सतरंजीवर त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी तिच्यावर वाचनाचं पुस्तक ठेवलं आणि म्हणाले, "चला, सुरुवात करू."

रात्री झोप लागेना. शांतपणे बघितलं तेव्हा कळलं, रागात दोन गोष्टी मिसळल्यात. चारचौघांत हसं झालं त्याची जळजळ एक, आणि लोकांच्या पैशाचा हिशेब हवा हे दुसरं. जळजळ अर्पण करायची. ती मी केली, परत आली, परत केली, अजून करते. हिशेबाचं काय अर्पण करायचं? ते बरोबरच होतं. तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे: आधी निवडायला शिका, मग द्या.

आणि शंका काढू नका म्हणणाऱ्यांना विष्णु भास्कर लेले कोण ते विचारा. सुरतेचं काँग्रेस अधिवेशन उधळल्यानंतर, जानेवारी 1908 मध्ये, बडोद्यात याच मराठी योग्याने श्रीअरविंदांना मन रिकामं करायला शिकवलं. विचार बाहेरून येतात, आत शिरण्याआधीच परतवा, एवढीच युक्ती. तीन दिवसांत मन निःशब्द झालं. मग निरोप घेताना लेल्यांनी 'माझं ऐकत राहा' असं म्हटलं नाही. आतल्या मार्गदर्शकाच्या स्वाधीन होता येत असेल तर माझ्या सूचनांची गरज नाही, असं सांगितलं. पुढे कलकत्त्यात त्यांनाच श्रीअरविंदांचं वागणं पटलं नाही, सैतानाने पछाडलंय असंही म्हणाले. श्रीअरविंदांनी त्यांचा अपमान केला नाही आणि सल्लाही मानला नाही. समर्पण ईश्वराला होतं, लेल्यांना नव्हतं. मग सतरंजी पसरून बसणाऱ्या काकांना कुठून असणार?

शिवाय 'सगळं माताजी (श्रीअरविंदांच्या सहयोगिनी) बघतील' म्हणत हातपाय न हलवणं हेही समर्पण नव्हे. श्रीअरविंद त्याला तामसिक म्हणतात. अभीप्सा, म्हणजे ईश्वराची मनापासूनची ओढ, आणि नको ते नाकारणं, ही दोन्ही कामं साधकाचीच. काका बसवाल्याशी भाड्यावरून घासाघीस करताना बरे रजोगुणी झाले होते!

आता राहिलेलं. सगळेच गट असे नसतात, आणि वाचनाला सोबत लागतेच, म्हणून मी अजून जाते. गुरुपरंपरेतल्या लोकांना माझं म्हणणं पटणार नाही, न पटो. मात्र ध्यान वाढवल्यावर झोप उडाली, भलते आवाज ऐकू यायला लागले, तर गटात सांगत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा. आणि तुमच्या गटात वर्गणी असेल तर पावती मागा.